२६६६ आणि ३२००: दोन वेगांची रॅम एका मशीनमध्ये

माझ्या पीसीत २०१९ पासून रॅमची एकच स्टिक होती: डीडीआर४ प्रकारची, ८ जीबी, वेगाचा आकडा २६६६. प्रोसेसर रायझन ५ ३६००, मदरबोर्ड बी४५०. भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ एडिट करायला घेतला आणि मशीन जागच्या जागी अडकू लागलं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९५ टक्क्यांवर, हार्ड डिस्कची खरखर थांबेना. रॅम वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं पालथी घातली, पण जुन्या स्टिकची जोडीदार मिळेना. शेवटी एका दुकानदाराने ३२०० ची, हीटसिंकवाली ८ जीबीची स्टिक पुढे केली. "न्या साहेब, जुन्या स्टिकच्या स्पीडला उतरून चालते." मूळ मुद्दा बरोबरच होता. बोर्डवरच्या सगळ्या स्टिक एकाच वेगाने चालतात, जो सगळ्यांना झेपेल त्या. पण हे उतरणं नेमकं कसं होतं, ते घरी आल्यावर कळलं.

प्लग काढून दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. ड्युअल चॅनलसाठी, म्हणजे दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा जावा यासाठी, याच जागा लागतात. मशीन चालू झालं, १६ जीबी दिसली. आनंदाच्या भरात बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (स्टिकमध्ये कंपनीने भरून ठेवलेलं जास्त वेगाचं सेटिंग) ऑन केलं आणि स्क्रीन काळी! पंखे फिरतायत, मॉनिटरवर 'नो सिग्नल'. पोटात गोळाच आला. एक्सएमपीने नव्या स्टिकच्या हिशोबाने ३२०० वेग आणि १.३५ व्होल्ट लावले होते. जुनी बिचारी १.२ व्होल्टवर २६६६ साठी बनलेली. ती काय साथ देणार? वीज बंद करून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं काढून ठेवला, तेव्हा सेटिंग पुसलं जाऊन मशीन पुन्हा उठलं.

आता सगळं ऑटोवर होतं, आणि वेग दिसत होता २४००. मला वाटत होतं, जुनी स्टिक नवीला मागे ओढेल, निदान २६६६ तरी मिळतील. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधला एसपीडीचा टॅब उघडला तेव्हा उलगडा झाला. एसपीडी म्हणजे स्टिकवरची छोटी चिप, तिच्यात त्या स्टिकचे वेग नोंदलेले असतात. नव्या स्टिकची १.२ व्होल्टवरची नोंद २४०० पर्यंतच होती. ३२०० फक्त एक्सएमपीच्या प्रोफाइलमध्ये. म्हणजे ऑटोवर नवीच जुनीला मागे ओढत होती! पाकिटावरचा मोठा आकडा बघून रॅम घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं, असं मला मनापासून वाटतं.

मग हाताने २६६६ लावलं, टायमिंग (स्टिक प्रतिसाद द्यायला किती ठोके घेते त्याचे आकडे) जुन्या स्टिकचं, १९-१९-१९-४३, व्होल्टेज १.२. सीपीयू-झेडमध्ये १३३३ दिसतं तेव्हा घाबरू नका; डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून आकडा निम्मा. नव्या स्टिकच्या नोंदीत २६६६ नव्हतंच, त्यामुळे विंडोज सुरू होतंय एवढ्यावर विसंबून राहायची माझी तयारी नव्हती. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. सकाळी एररच्या रकान्यात शून्य.

नवीला ३२०० ने पळवता आलं नाही याची हळहळ हिशोब केल्यावर गेली. ३२०० ची एकटी स्टिक सेकंदाला कागदोपत्री २५.६ जीबी डेटा देते. २६६६ वरच्या दोन मिळून ड्युअल चॅनलमध्ये ४२.६. शिवाय माझी खरी अडचण वेग नव्हती, जागा होती. एडिटिंग चालू असताना आता १३ जीबीच्या आसपास मेमरी वापरली जाते आणि डिस्क शांत असते.

बायोस कधी रिसेट झालाच तर शोधाशोध नको, म्हणून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून ठेवलाय: '२६६६, १९-१९-१९-४३, १.२ व्होल्ट, एक्सएमपी बंद.'