आमची वाटचाल : एका ओळीच्या इनव्हॉइसपासून एकतीस ओळींपर्यंत

आमच्या पहिल्या आयातीच्या इनव्हॉइसवर मालाचं वर्णन एका ओळीत उरकलेलं होतं : ‘पंपाचे सुटे भाग, १ लॉट’. कारखान्यातल्या मुलीने मेलवर विचारलं होतं, प्रत्येक वस्तू वेगळी लिहू का? मी रुबाबात कळवलं, नको, कशाला उगाच कागद वाढवायचे! त्या रुबाबापायी माल तीन आठवडे गोदीत पडून राहिला.

त्याआधी आम्ही आयातदार वगैरे कुणी नव्हतो. दादा पंप दुरुस्त करायचा, मी त्याच्या हाताखाली, आणि हिशेब वहिनींकडे. पंप गळतोय म्हणून गिऱ्हाईक आलं की बहुतेक वेळा दोष मेकॅनिकल सीलमध्ये सापडायचा. दोन गुळगुळीत चकत्या, एक कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची, स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर घासत राहतात आणि पाणी अडवतात. पंप कोरडा चालला की चकती तडकलीच. दुरुस्ती तासाभराची, पण हव्या त्या मापाचं सील मिळायला महिना. ठोक व्यापारी म्हणायचा, पुढच्या लॉटला बघू. असे बरेच ‘पुढचे लॉट’ गेल्यावर दादाच एकदा म्हणाला, आपणच का नाही मागवत?

मागवणं सोपं निघालं. अडलो ते माल उतरल्यावर.

आमची फाइल तपासणीला निघाली. कस्टम्स काही प्रत्येक खोकं उघडत नाही. कोणाचा माल न उघडता सोडायचा, कोणाचे फक्त कागद बघायचे आणि कोणाची खोकी फोडायची, हे जोखमीच्या हिशेबाने ठरतं. नवा आयातदार आणि त्यात ‘१ लॉट’ असलं मोघम वर्णन, म्हणजे आम्ही आपण होऊनच हात वर केला होता. अधिकाऱ्याने खोकी उघडायला लावली आणि एकेक नमुना टेबलावर मांडला. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक), सील, रबरी रिंगा, बोल्ट, बेअरिंग, स्प्रिंगा. मग विचारलं, “हे नेमकं काय आहे?”

“सर, सगळे पंपाचेच पार्ट आहेत.”

त्याने एक बोल्ट उचलला. “हा पंपाशिवाय दुसरीकडे बसत नाही का?”

मी गप्प.

जगातला बहुतेक सगळा व्यापारी माल एचएस कोड नावाच्या आकड्यांखाली नोंदला जातो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १ जानेवारी १९८८पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, त्यापुढचे ज्या त्या देशाचे. मी एका संध्याकाळी त्या कोडांचं पुस्तक चाळलं होतं. पंप म्हणजे ८४१३, पंपाचे भाग म्हणजे ८४१३.९१. झालं की! पण विभागांच्या आणि प्रकरणांच्या सुरुवातीला बारीक अक्षरांतल्या टिपा असतात, त्या मी वाचल्याच नव्हत्या. आणि सगळी गोम त्या टिपांमध्ये आहे. त्या सांगतात, की लोखंडी बोल्ट कुठेही वापरा, तो बोल्टच. त्याची जागा ७३१८. स्टीलची सुटी स्प्रिंग ७३२०. बेअरिंग पंपासाठी आणलं तरी ८४८२. मेकॅनिकल सीलला स्वतःचं घर आहे, ८४८४.२०. यंत्रात बसणारी मऊ रबराची रिंग ४०१६.९३, म्हणजे यंत्रांच्या नव्हे, रबराच्या प्रकरणात. या सगळ्यातून आमच्या ८४१३.९१ मध्ये उरला तो इम्पेलर.

त्यातही गंमत बघा. हीच रबरी रिंग सुटी आणली तर ४०१६. पण तीच रिंग धातूच्या आणि फायबरच्या गॅस्केटांबरोबर (सांधा गळू नये म्हणून मध्ये घालतात त्या) एका पाकिटात घालून संच म्हणून आणली, तर ती ८४८४ मध्ये जाते, कारण वेगवेगळ्या पदार्थांच्या गॅस्केटांच्या संचाला तिथे मुद्दाम जागा दिलेली आहे. म्हणजे रिंग तीच, कारखाना तोच, फरक फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीचा. मी हे दादाला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

वर्गीकरण नव्याने झालं, जकातीतला फरक भरला, गोदीचं भाडं भरलं. माल हातात आला तेव्हा ज्या गिऱ्हाइकांसाठी तो मागवला होता त्यांतली दोघं दुसरीकडून काम करून गेली होती.

या प्रकरणातून आम्हाला काका मिळाले. काका म्हणजे आमचे क्लिअरिंग एजंट, कस्टम्समधून माल सोडवून देणारे. पहिल्या वेळचा एजंट वेगळा होता, त्याच्याबद्दल न लिहिलेलंच बरं. काकांनी पहिल्या भेटीत ना दर सांगितला ना ओळखीपाळखी सांगितल्या. म्हणाले, “मला तुमचा माल आधी हातात घेऊन बघू दे.” दुकानात तीन तास बसले. हे कशाचं, हे कुठे बसतं, हे एकटं विकता की जोडीने? वहिनी शेजारी बसून लिहून घेत होत्या. ती वही अजून आहे. प्रत्येक वस्तूला एक पान : साधं नाव, पदार्थ, माप, काम, फोटो, कोड, आणि तोच कोड का याचं दोन ओळींत कारण. कोडांची पद्धत साधारण पाच वर्षांनी सुधारते. २०२२ची आवृत्ती आली तेव्हा वहिनींनी सगळी पानं पुन्हा तपासली. पुढची १ जानेवारी २०२८पासून लागू होणार आहे, तेव्हाही तपासतील. मी तपासलेलं त्यांना चालत नाही.

कोडांचा घोळ निस्तरला, तरी बाकीच्या चुका आम्ही रांगेने केल्याच. एकदा माल ‘एक्स-वर्क्स’ घेतला, दर कमी दिसला म्हणून. त्याचा अर्थ विक्रेत्याची जबाबदारी कारखान्याच्या दारात संपते, आणि त्याच्या देशातली निर्यातीची कागदपत्रंही खरेदीदाराच्या गळ्यात पडतात. परक्या देशात ती आम्ही कशी करणार होतो? वाचवलेले पैसे तिथल्या फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्याला, दामदुपटीने गेले. मग एफओबी घ्यायला लागलो, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. काकांनी ते बदलून एफसीए करायला लावलं, म्हणजे ठरल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की विक्रेत्याची जबाबदारी संपते. कंटेनर जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी टर्मिनलवर दिला जातो, तेव्हा मधल्या काळातल्या नुकसानीवरून वाद नको, असं त्यांचं म्हणणं. ही तीन अक्षरं पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेली, आज २०२०ची आवृत्ती चालते आणि तिच्यात अशा ११ अटी आहेत. आम्हाला त्यांतल्या दोनच लागतात.

एकदा माल वेळेवर आला, पण कागद आले नाहीत. शिपिंग कंपनी माल घेताना देते ती बिल ऑफ लेडिंग ही नुसती पावती नसते. ज्याच्या हातात मूळ प्रत, त्याचा मालावर हक्क. सहसा तीन मूळ प्रती निघतात. आमच्या तिन्ही कुरिअरमध्ये अडकल्या, आणि त्या दाखवल्याशिवाय शिपिंग कंपनी डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडायचं पत्र, देईना. कंटेनर डोळ्यांसमोर, मोफत दिवस संपलेले, मीटर चालू. त्यातही दोन मीटर असतात हे तेव्हा कळलं : भरलेला कंटेनर गोदीत पडून राहिला तर डेमरेज, आणि बाहेर नेऊन रिकामा वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. आता जुन्या, भरवशाच्या कारखान्यांकडून आम्ही मूळ प्रती तिकडेच जमा करून टेलेक्स रिलीज घेतो, म्हणजे इथे प्रत न दाखवता माल सोडा असा निरोप. टेलेक्स यंत्र मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण शब्द टिकून आहे.

लाकडी पॅलेटचाही किस्सा झाला. पॅलेट नियमाप्रमाणे होते. आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं पोचवलेलं, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का. पण खोकी हलू नयेत म्हणून कोणीतरी कडेला एक साधी फळी ठोकली होती, बिनशिक्क्याची. कीड येते ती अशाच फळीतून, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. तेव्हापासून प्लायवूडचे पॅलेट. प्लायवूडला या नियमातून सूट आहे, कारण ते बनतानाच उष्णता, गोंद आणि दाबातून गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त झोप उडवली ती साच्याने. एका जुन्या पंपाचा इम्पेलर कुठेच मिळेना, म्हणून आम्ही स्वतःच्या खर्चाने त्याचा साचा करून घेतला आणि कारखान्याला वापरायला दिला. साच्याचे पैसे आधीच दिलेले, त्यामुळे नगाचा दर छान उतरला. मी खूश. दोन खेपा तशाच आल्या. तिसऱ्या खेपेचे कागद बघताना काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “हा इतका स्वस्त कसा? साचा कोणाचा?”

“आमचाच की, काका.”

“मग त्याची किंमत कुठे दाखवलीत?”

जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारात किंमत ठरवायच्या सहा पद्धती आहेत, आणि पहिली म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंवा देय असलेली किंमत. तिथवर मला माहीत होतं. पण त्याच कराराच्या आठव्या कलमात त्या किमतीत काय काय मिळवायचं ते सांगितलंय, आणि खरेदीदाराने फुकट किंवा कमी दरात पुरवलेले साचे, डाय, हत्यारं त्यात येतात. मी काही लपवलं नव्हतं. पण कागद वाचणाऱ्याला ते लपवल्यासारखंच दिसलं असतं, आणि माल सुटल्यानंतर वर्षांनीही फाइल तपासली जाऊ शकते. मी म्हणालो, आता दोन खेपा गेल्यात, पुढून नीट करू. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मागून कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही देणार की मी?”

आम्ही स्वतः जाऊन सांगितलं. साच्यातून किती नग निघणार याचा अंदाज मांडला, त्यावर साच्याचा खर्च वाटला, मागच्या दोन खेपांचा फरक व्याजासकट भरला. त्या वर्षी इम्पेलरमध्ये आम्हाला काहीच सुटलं नाही. मला अजूनही ते थोडं लागतं, खोटं कशाला सांगू. फुकट आलेल्या नमुन्यांचंही तसंच. ‘नमुना, किंमत शून्य’ असं लिहून चालत नाही. विक्री झाली नसली तरी वस्तूला मूल्य असतं, ते लिहावं लागतं.

विमा मात्र आम्ही दुसऱ्यांच्या अनुभवावरून शिकलो. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं. आमचा माल त्यावर नव्हता. पण जहाज सुटल्यावर जनरल अॅव्हरेज जाहीर झालं, आणि तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. जहाज आणि माल वाचवायला जो असाधारण खर्च होतो, तो जहाजमालक आणि ज्यांचा माल वाचला ते सगळे मिळून उचलतात. तुमचं खोकं धडधाकट असलं तरीही हमी दिल्याशिवाय ते हातात येत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते. तोवर मी विम्याला फुकटचा खर्च समजत होतो. त्या आठवड्यात दादाने मला काही न विचारता पॉलिसी घेतली.

आज आमच्या एका खेपेच्या इनव्हॉइसवर सरासरी एकतीस ओळी असतात. माल निघण्याआधी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचा मसुदा वहिनींकडे येतो, त्या तो वहीशी ताडून बघतात, मग काकांकडे जातो, आणि नंतरच कंटेनरचं दार बंद होतं. नव्या कारखान्यांना याचा कंटाळा येतो. एकाने तर लिहिलं, की तुमच्याइतका त्रास आम्हाला तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी गिऱ्हाइकंही देत नाहीत. तपासणी अजूनही लागते, चुकलेली नाही. फक्त आता खोकं उघडल्यावर आत निघतं ते कागदावर लिहिलेलं असतं, आणि काम बहुधा त्याच दिवशी उरकतं.

सध्या वहीतलं एक पान कोरं आहे. एका कारखान्याने सीलमध्ये बसवलेला सेन्सर दाखवला. चकती तापली की आधीच इशारा देतो. दादा हरखून गेला. काका मात्र डोकं खाजवताहेत. याला सील म्हणायचं आणि ८४८४ मध्ये ठेवायचं, की तापमान मोजणारं उपकरण म्हणून ९०व्या प्रकरणात न्यायचं? माल येण्याआधीच कस्टम्सकडून लेखी निर्णय मागता येतो, तसा अर्ज आम्ही नमुना आणि आराखड्यासकट केला आहे. दादा रोज विचारतो, आलं का उत्तर? वहिनींनी पानावर पेन्सिलने तारीख घालून ठेवली आहे, आणि ऑर्डर अजून दिलेली नाही.