बाल्कनीतलं चाक, दुसऱ्याची भट्टी

ठाण्यात फ्लॅटमध्ये राहून चाकावर भांडी करते म्हटलं की लोक आधी चाकाबद्दलच विचारतात. केवढं असतं, केवढ्याला पडलं, आवाज होतो का? चाकाचं काही विशेष नाही. विजेवर चालतं, बाल्कनीच्या एका कोपऱ्यात मावतं, घरघर पंख्याइतकीच. खालच्या काकूंची तक्रार आली ती मळताना माती धपाधप आपटण्याची. तेव्हापासून ते काम सकाळी दहानंतर.

अडचण खरी भट्टीची. स्टोनवेअरची, म्हणजे भाजल्यावर दगडासारखी पक्की होणारी, माती १२०० अंशांच्या वर भाजावी लागते, आणि तेवढी वीज ओढणारी भट्टी सोसायटीत बसवणं मला शक्य नव्हतं. म्हणून आधी भाड्याने भाजून देणारा स्टुडिओ शोधला, दर आणि अटी विचारून घेतल्या, मगच चाकाचे पैसे भरले.

गोळा मध्यावर आणायला क्लासमध्ये शिकले. कोपर मांडीवर घट्ट रोवायचं, चाक जोरात ठेवायचं, हात हलू द्यायचे नाहीत. भिंत वर ओढताना मात्र चाकाचा वेग कमी, नाहीतर काठ बाहेर फाकतो. आणि बूड बोटांनी नीट दाबून घ्यायचं. ते राहिलं तर वाळताना तळाला इंग्रजी एससारखी चीर पडते. हे सगळं हाताला सवयीने येतं, त्यावर फार लिहिण्यात अर्थ नाही.

मापाचं गणित मात्र कोणी आधी सांगत नाही. माझी माती वाळून, भाजून साधारण १२ टक्के आटते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उंची, रुंदी, खोली तिन्हीकडून आटते, त्यामुळे आतली जागा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. २०० मिली चहाचा कप हवा असेल तर ओला कप ३०० मिलीचा लागतो. चाकावर तो बेढब मोठा दिसतो. दिसू दे.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते वाळवण्याने. एप्रिल-मेमध्ये काठ आधी वाळतो आणि बूड ओलंच राहतं. कपाचा कान बारीक, तो अंगाच्या आधी सुकून आटतो आणि जोडावर तडकतो. म्हणून कान जोडायचा तो कप चामड्याइतका घट्ट झाल्यावर, दोन्हीकडे ओरखडे काढून, पातळ कालवलेली माती लावून. मग सगळंच प्लास्टिकखाली, आणि रोज थोडं थोडं उघडायचं. पंख्याखाली ठेवू नका, एकच बाजू वाळते. पावसाळ्यात सगळं उलट. प्लास्टिक काढलं तरी कप वाळायचं नाव घेत नाही, कारण हवेतच एवढं पाणी. जुलैमध्ये मी चाक झाकूनच ठेवते.

राहिला चिखल. तो बेसिनमध्ये गेला की पाइप तुंबलाच म्हणून समजा. हात, स्पंज, हत्यारं सगळं बादलीत धुवायचं. रात्रभरात माती तळाला बसते, वरचं पाणी कुंड्यांना घालायचं, खालचा गाळ प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लादीवर पसरायचा. लादी पाणी शोषते आणि माती पुन्हा मळण्याजोगी होते. जमिनीवर वाळलेली माती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जायला नको.

गोरोबाकाकांनी थापटणं मारून कच्चं मडकं ओळखलं म्हणतात. आमच्या भट्टीवाल्या ताई भांडं गालाला लावतात. थंड लागलं की आत ओल आहे, परत घेऊन जा. त्यांचं बरोबरच आहे. ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते, भांडं फुटतं आणि शेजारच्याच्या भांड्यांचीही वाट लागते. भांडं दोनदा भाजतात, १२०० च्या वरची भाजणी दुसरी. पहिली साधारण १००० अंशांची, सुरुवातीला अगदी हळू. ५७३ अंशांजवळ मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, चढतानाही आणि उतरतानाही, आणि घाई केली तर भांडं तडकतं. म्हणून कितीही उत्सुकता असली तरी ताई भट्टी गार झाल्याशिवाय दार उघडत नाहीत.

पहिल्या भाजणीनंतर भांडं सच्छिद्र असतं, ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, पटकन पिऊन घेतं. बुडाला लागलेलं ग्लेझ स्वच्छ पुसायचं, नाहीतर दुसऱ्या भाजणीत कप भट्टीच्या फळीला कायमचा चिकटतो. खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसं नसलेलंच ग्लेझ घ्यावं, यात तडजोड नको.

कप झाले, रोजच्या वापरातही आले. खर्चाचा हिशेब मांडला तर दुकानातला कप कितीतरी स्वस्त. आता आईने दिवाळीसाठी डझनभर पणत्या मागितल्यात. त्यांना लाल माती आणि एकच कमी तापमानाची भाजणी पुरे; पणतीसाठी १२०० अंश म्हणजे विजेची उधळपट्टी. अशी पणती तेल पिते खरी, पण आधी पाण्यात भिजवून ठेवायची हे आईला मी काय सांगणार!