दशकाचं रिकामं घर

दुसरीत असताना गुरुजींनी ‘दोनशे पाच’ लिहायला सांगितलं आणि मी पाटीवर २००५ लिहिलं. आधी दोनशे, त्यापुढे पाच. कानाला ऐकू आलं तसंच. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी माझ्या पाटीवर शतक, दशक, एकक अशी तीन घरं आखली, पहिल्यात दोन आणि शेवटच्यात पाच मांडले. मधलं घर मी पुसायला गेलो, तर हात धरून म्हणाले, "घरात माणूस नाही म्हणून घर पाडतात का रे? कुलूप लाव." आणि त्यात शून्य काढलं.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हाही आम्ही त्यांच्याच वर्गात. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. त्या हिशेबापायी पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घसा बसायचा. गुरुजींनी तो इवलासा तांबूस पैसा वर्गात फिरवला. त्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असं कोरलं होतं; आम्ही एकेकाने ते बोटाने चाचपून वाचलं. आण्याचे खरे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चाराला २५ असं कोष्टक ठरलं होतं. आईने ते माझ्याकडून एकदाच ऐकलं. मग चार आण्यांचा गूळ ती कधी एकदम मागवीना. "एकेक आण्याचा आण, चार खेपा कर," म्हणायची. चार खेपांचे २४. तो वाचलेला एक पैसा ती फडताळातल्या डबीत टाकायची.

पुढे तीस वर्षं पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या. तेरीज, म्हणजे खात्यांची एकूण बेरीज, जुळली नाही की आधी फरकाला नवाने भाग जातो का ते बघायचो. जात असेल तर बहुधा कुठेतरी ४५ चे ५४ झालेले, नाहीतर ५० चे ५००. आकडा एक घर डावीकडे सरकला की दहापट होतो, म्हणजे मूळ रकमेपेक्षा नऊपट जास्त. ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’ असं आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवलंय. मला ते खतावणीत रोज भेटत होतं.

निवृत्तीनंतर जुन्नरजवळचा नाणेघाट चढलो. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नावाची नाणी, सगळं आकड्यांत कोरलेलं. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. दोनशे हवे असतील तर शंभराच्याच खुणेला एक रेघ जोडायची. शून्य कुठेच नाही. त्या कोरक्याला दोनशे पाच लिहायचे असते, तर त्यानेही आधी दोनशेची खूण काढली असती आणि पुढे पाचाची. माझ्या पाटीवरची चूक एके काळी हिशेबाची रीतच होती, हे तिथे उभं राहून कळलं आणि गुरुजींची फार आठवण आली.

पुढच्याच हिवाळ्यात ग्वाल्हेरला गेलो. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा लेख आहे, त्यात बागेची लांबी २७० हात दिलीय. पुजाऱ्याने दिवा जवळ धरला. दोन, सात, आणि एककाच्या घरावर लहानसं गोल कुलूप.