कडी लागत नाही

ही तक्रार घरात बहुधा जुलैत येते. आठ-पंधरा दिवस खिडकीची झडप गुडघ्याने दाबून, खांद्याने रेटून कडी लावली जाते आणि एका संध्याकाळी तिची मूठ हातात येते. मग सगळे कडीला नावं ठेवतात. हल्लीचा माल, पत्र्यासारखा हलका, वगैरे. माल हलका असतोही. पण टॉवर बोल्टची, म्हणजे सरकत्या कडीची, दांडी सरळ भोकात जाण्यासाठी असते, वाकडी झडप ओढून जागेवर आणण्यासाठी नाही. ते काम करून घेतलं तर पितळेचीसुद्धा मान मोडते.

म्हणून आधी बिजागरी बघावी. झडप अर्धी उघडून तिची मोकळी कड हाताने वर उचलायची. वरची बिजागरी केसभर जरी हलली, तरी चोर सापडला. झडपेचं वजन वरच्या बिजागरीला सतत ओढत असतं. तिचे स्क्रू सैल झाले की झडप कडीच्या बाजूने झुकते, वर फट पडते, खाली लाकूड घासतं आणि वरची दांडी भोकाच्या शेजारी आपटते. अशा झडपेला नवी कडी लावली तर तीही त्याच वाटेने जाणार. फट वर-खाली सारखीच असेल आणि झडप सबंध कडेने घट्ट बसत असेल, तर मात्र लाकूड फुगलंय. लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. त्याला श्रावणात रंधा मारू नये. बडोद्याच्या मे महिन्यात तीच झडप इतकी सुकते की मारलेल्या रंध्याएवढी फट आयुष्यभर उरते. दिवाळीपर्यंत कडेला मेणबत्ती घासून भागवावं.

सैल भोकात तोच स्क्रू पुन्हा आवळणं हा लाडका उपाय, दोन दिवस टिकतो. जाड स्क्रू घातला तर त्याचं डोकं बिजागरीच्या खाचेत बसत नाही आणि झडप मिटत नाही. कडीच्या भोकाला काड्यापेटीच्या दोन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकल्या तरी चालतं. बिजागरीला ती मलमपट्टी पुरत नाही. तिथे भोक 6 मिमीच्या ड्रिलने साफ करून बांबूची तासलेली खुंटी फेविकॉल लावून ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, सपाट कापावी आणि मग 2 मिमीचं नवं भोक पाडावं.

एवढं झाल्यावर दुकानात जावं, जुनी कडी खिशात घालून. मापापेक्षा नमुना बरा, आणि बडोद्यात तर भाषेसाठीही बरा. आकडी मागितली की आकडीच मिळते, पण बिजागरीचं मिजागरुं होतं आणि कोयंड्याचं नकूचो. पेचकस तर इथल्या मराठी घरांतूनही हद्दपार झालाय. पाटावर चढलेला माणूस खाली हात करून ‘डिसमिस दे’ असंच म्हणतो. तांबेकर वाड्यात लोक भिंतींवरची चित्रं बघायला जातात, खिडक्यांच्या कड्या बघायला कोणी जात नाही. त्यामुळे कडी कशी निवडावी हे ज्ञान दुकानदाराच्या मर्जीवर राहिलंय. त्याने काहीही पुढे केलं तरी दांडी मागे-पुढे करून पाहावी. पट्टीत खडखडत असेल तर ठेवून द्यावी.

नव्या पट्टीची भोकं जुन्यांशी जुळत नाहीत, अर्ध्या भोकाने हुकतात. तिथेच स्क्रू घातला तर तो घसरून जुन्या भोकात शिरतो आणि कडी तिरकी होते. जुनी भोकं बुजवावीत किंवा कडी बोटभर सरकवावी. आधी एक वरचा, एक खालचा असे दोनच स्क्रू लावावेत. दांडीच्या टोकाला ओलं कुंकू लावून झडप मिटावी आणि दांडी चौकटीला टेकवावी. लाल ठिपका उमटेल तिथेच भोक. 10 मिमीच्या दांडीला 11 किंवा 12 मिमीचं, निदान 15 मिमी खोल. जुनंच भोक वापरायचं असेल तर त्यातला रंगाचा थर आणि वर्षांची धूळ खिळ्याने कोरून काढावी. निम्म्या ‘बिघडलेल्या’ कड्या तेवढ्यावरच सुधारतात. पितळी स्क्रू सागवानात कडेलोट होईपर्यंत पिळू नये, डोकं तुटतं आणि धड आत राहतं. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून काढावा, मग पितळी स्क्रूला साबण लावून घालावा.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचं दुखणं खालच्या चाकांत असतं. ती झिजली की पल्ला खाली बसतो आणि लॉकची जीभ खाचेला चुकते. पल्ला वरच्या खोबणीत उचलून खालून बाहेर काढावा, चाकं बदलावीत. लॉक बहुधा ठणठणीत निघतं.

राहिली आकडी, उघडी झडप धरून ठेवणारी. उत्तरायणाच्या वाऱ्यात घरभर जे धाड-धाड चालतं ते सैल आकडीचं. झडपेला दोन बोटं खेळायला जागा मिळाली की प्रत्येक झुळूक हातोडा होते आणि कोयंडा हळूहळू उपटून येतो. आकडी ताणून बसेल एवढ्याच लांबीची घ्यावी. कोयंडा भिंतीत असेल तर 8 मिमीची गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग) ठोकूनच बसवावा, नुसत्या प्लास्टरवर भरवसा नको. एवढं करूनही रात्री झडप कुरकुरलीच, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा चौकटीला चिकटवावा, झडप जिथे टेकते तिथे.