सात अंशांची खोली, साधी नळी आणि नाकात पाणी

परवा रात्री घरी पोचले. नाकाच्या दांडीवर मास्कचा लाल वळ अजून आहे आणि झोपेची उधारी फिटलेली नाही. तरी आजच लिहायला बसले, कारण अजून दोन दिवस गेले की राग उतरेल आणि मग मी "एकंदरीत सहल छान झाली" असं काहीतरी गुळमुळीत लिहून मोकळी होईन.

तर थंड डोंगरात पाच रात्री, खोलीत सीपॅप, म्हणजे झोपेत श्वासाची वाट मिटू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. मशीन मी चार वर्षं रोज लावते, प्रवासातही सोबत असतं. आपला दाब किती, मास्क कुठल्या मापाचा, टाकीत डिस्टिल्ड पाणी का घालायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मशीन नवीन असेल तर आधी घरच्या अंथरुणात महिनाभर नीट झोपायला शिका, मग डोंगरात जा.

मला दोघांनी फसवलं. एक मुक्कामाचा मालक. फोनवर म्हणाला होता, खोल्या गरम असतात, काळजीच नको. खोली गरम होती, रात्री अकरापर्यंत. अकराला सगळ्या मजल्याचे हीटर बंद. रात्रभर हवा असेल तर वेगळे पैसे, आणि तो आकडा ऐकून माझी नणंद चक्क हसली. दुसरा म्हणजे माझ्या आधीपासून मशीन वापरणारा एक ओळखीचा. त्याने निघायच्या आदल्या दिवशी ठामपणे सांगितलं, "थंडीत ह्युमिडिफायर फुल्ल ठेव. तिथली हवा कोरडी असते." (ह्युमिडिफायर म्हणजे मशीनची ती पाण्याची टाकी, पाणी तापवून हवा ओली करणारी.) मी ऐकलं. आणि खरं सांगायचं तर तिसरी फसवणूक माझी मीच केली. घरी तापणारी नळी आहे, आत बारीक तार असलेली. ती सोडून साधी नळी बॅगेत टाकली, कारण ती मऊ आहे आणि कमी जागेत गुंडाळली जाते. एवढ्याशा जागेसाठी!

पहिली रात्र दमलेली होते, नळीकडे फारसं लक्ष गेलं नाही. सकाळी मास्कच्या कडेला थोडं ओलं लागलं. घाम असेल म्हणून सोडून दिलं. तो घाम नव्हता.

दुसऱ्या रात्रीबद्दल मात्र सविस्तर सांगते. झोपताना खोलीत १७ अंश होते (नणंदेच्या प्रवासी घड्याळात तापमान दिसतं). ह्युमिडिफायर ८ पैकी ७ वर. मशीन पलंगाशेजारच्या टेबलावर, आणि टेबल गादीपेक्षा चांगलं वीतभर उंच. नळी टेबलावरून खाली लोंबून पुन्हा वर माझ्या तोंडाशी. पावणेतीनला जाग आली ती आवाजाने. कोणीतरी उशाशी बसून हुक्का ओढावा तशी गुडगुड. श्वास घेतला की गुडगुड, सोडला की गुडगुड, आणि दाब थरथरतोय. कूस बदलावी म्हणून नळी हाताने उचलली आणि तिथेच चुकलं. खालच्या झोळात साचलेलं सगळं गार पाणी हवेच्या जोरासकट सरळ नाकात. ठसका, खोकला, मास्क ओढून काढला, दिवा सापडेना. नणंद दचकून उठली. घड्याळात ७ अंश. मास्कमधून निघालेलं पाणी मानेवरून स्वेटरच्या आत चाललं होतं.

मग मी दुसरं टोक गाठलं. वैतागून ह्युमिडिफायर पूर्ण बंद केला, नळी झटकली आणि पुन्हा झोपले. पाच वाजता दोन्ही नाकपुड्या सिमेंट भरल्यासारख्या बंद. नाक चोंदलं की तोंड उघडतं, तोंड उघडलं की हवा नाकातून शिरून तोंडावाटे एकाच दिशेने पळत राहते, आतलं अस्तर आणखी सुकतं, आणखी सुजतं. उरलेली रात्र मी मशीनशिवाय उशा रचून बसून काढली. सकाळी मशीनच्या नोंदीत एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अडखळला तो आकडा, १४. एरवी माझा २ च्या आत असतो. नळीत पाणी गुडगुडत असताना मशीनचा अंदाजही चुकू शकतो, त्यामुळे एका ओल्या रात्रीच्या आकड्याने हबकू नका. कोरड्या रात्रीही आकडा तसाच राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

हे का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे कुणाच्या फुकटच्या सल्ल्याची गरज पडणार नाही. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. १० अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. टाकीवरून निघालेली उबदार, ओली हवा सहा फुटांच्या गार नळीतून येते, वाटेत निवते, आणि जे पाणी तिच्यात मावत नाही ते नळीच्या भिंतीला थेंब होऊन बसतं. मशीनवाले याला रेनआउट म्हणतात. नळीतला पाऊसच तो. आता हिशेब बघा. मशीनवर दाबाचा आकडा दहाच्या आसपास असेल तर श्वास बाहेर जायला मास्कला ठेवलेल्या भोकांतून मिनिटाला ३० ते ४० लिटर हवा बाहेर जाते. आठ तासांत झाले १४ ते १९ घनमीटर. दर घनमीटरमागे नुसतं २ ग्रॅम पाणी गळलं तरी सकाळपर्यंत दोन मोठे चमचे भरतात. दोन चमचे पाणी नाकात जाऊन बघा, पुरतं.

म्हणून माझा निकाल असा: "थंडीत फुल्ल ठेव" हा सल्ला साफ चुकीचा. साधी नळी असेल तर थंड खोलीत ह्युमिडिफायर वाढवायचा नाही, उतरवायचा. पण बंदही करायचा नाही. आणि ओलावा हवाच असेल तर आधी नळी गरम ठेवायची सोय करा.

तिसऱ्या दिवशी मी कुठेही फिरायला गेले नाही. बाकीचे बर्फ बघून आले, सुंदर होता म्हणे. मी खोलीत बसून नळीला कपडे घातले.

नणंदेचे दोन जुने लोकरी पायमोजे होते, गुडघ्यापर्यंतचे. पंजे कापले (परवानगी घेऊन) आणि बाह्या चढवाव्यात तसे नळीवर चढवले. उरलेल्या भागाला माझा मफलर सैलसर गुंडाळून तीन ठिकाणी केसांचे रबर लावले. दिसायला भयानक. तयार कव्हर मिळतात, चेन असलेली, मऊ कापडाची. घरून निघत असाल तर तेच घ्या, मोजे कापायची वेळ आणू नका.

मग मशीन टेबलावरून उतरवलं आणि गादीपेक्षा खाली एका बुटक्या स्टुलावर ठेवलं. पाणी झालंच तर ते उताराने टाकीकडे परत जावं, तोंडाकडे नाही. पाचही रात्रींमधला सगळ्यात फुकट आणि सगळ्यात गुणाचा उपाय हाच. अगदी जमिनीवर मात्र ठेवू नका. तिथली हवा सगळ्यात गार असते, आणि झाडल्यावर उडालेली सगळी धूळ फिल्टरमध्ये. नळीला कुठेही झोळ राहू द्यायचा नाही. मशीनपासून थेट रजईखाली घ्यायची, अंगालगत वर आणायची आणि छातीपाशी बाहेर काढायची. माझ्या अंगाच्या उबेने ती नळी रात्रभर तापत राहिली, विजेचा प्रश्नच नाही. घरी नळी डोक्यावरच्या हुकाला टांगायची सवय असेल तर थंड खोलीत ती विसरा. उघड्यावरची नळी लवकर गारठते आणि सगळा उतार नाकाकडे.

ह्युमिडिफायर ७ वरून ३ वर आणला. झोपले. सहा वाजता जाग आली तेव्हा क्षणभर वाटलं मशीन बंद पडलंय, इतकं शांत होतं. नळी कानाशी हलवून पाहिली. कोरडी. मी नणंदेला हाक मारून उठवलं आणि ती नळी तिच्याही कानाशी नेली. तिला त्यात काय ऐकायचं ते कळलं नाही, पण बिचारी "हो वहिनी, छान" म्हणाली.

चौथी आणि पाचवी रात्र उत्तम गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तापणारी नळी असेल तर यातलं निम्मं लागत नाही. माझ्या घरच्या मशीनवर नळीचं तापमान १६ ते ३० अंशांमध्ये ठेवता येतं आणि ऑटोवर टाकलं की ते २७ पासून सुरू होतं, ओलाव्याचं गणित मशीन स्वतः बघतं. थंडीत नाकाशी ओलं लागलं तर आधी नळीचं तापमान दोन-तीन अंश वाढवा, तरीही लागलं तर मग ओलावा कमी करा. उलट क्रमाने केलंत तर नाक सुकेल. पण ही नळी आणि टाकीखालची तापणारी पट्टी दोन्ही वीज खातात. नुसत्या पंख्याला लागते त्याच्या कितीतरी पट. बॅटरीवर झोपणार असाल तर दोन्ही बंद करून चालवण्याची तयारी ठेवा आणि ती तालीम घरी एका रात्री करून पाहा. माझ्यासारखा पाच वाजता शोध लावू नका.

आता मायेने होणारे घोटाळे. दुसऱ्या रात्रीच्या गोंधळानंतर नणंदेने मशीनवर शाल पांघरली. त्यालाही थंडी वाजत असेल म्हणून! हवा आत घेण्याची जाळी झाकली गेली, मशीनचा सूर चढला तेव्हा मला कळलं. नळीला गोधडी चालते, मशीनला नाही. पहाटे तिने माझी रजई तोंडावरूनही ओढली होती. तेही नको. मास्कच्या भोकांतून तुम्ही सोडलेला श्वास मोकळ्यावर गेला पाहिजे, पांघरुणाखाली तोच पुन्हा आत घेतला जातो. डोक्याला गार लागत असेल तर कानटोपी घाला, पण मास्कचे पट्टे आधी आणि टोपी वर. मी पहिल्या रात्री उलटं केलं होतं. पट्टे लोकरीवरून सरकत राहिले आणि डाव्या डोळ्यात रात्रभर वारा.

वाऱ्यावरून आठवलं. शेजारी कोणी झोपणार असेल तर मास्कची भोकं कुठे तोंड करून आहेत ते बघा. "वहिनी, तुम्ही माझ्या कानात फुंकताय," हे मी पहिल्या रात्री चार वेळा ऐकलं. सात अंशांत तो झोत सुरीसारखा लागतो. स्वतःच्या उघड्या हातावर आला तरी झोपमोड होते. पूर्ण बाह्यांचा कपडा, आणि शेजाऱ्याकडे पाठ. मास्कचं सिलिकॉनही गारढोण होतं. झोपण्याआधी पंधरा मिनिटं तो पोटाशी धरून ठेवायचा, मग लावायचा. काही मशीनना आधी पाणी तापवून घेण्याची सोय असते. तुमच्या मशीनला असेल तर वापरा, पहिल्या अर्ध्या तासाची गार हवा टळते.

बहुतेक घरगुती मशीनच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आमची खोली ७ वर होती, म्हणजे कडेलोटाला फार अंतर नव्हतं. गाडीच्या डिकीत गारठलेलं मशीन आणून लगेच चालू करू नका, खोलीत तासभर निवांत राहू द्या, आत दव धरतं. आणि प्रवासाला निघताना टाकी आधी रिकामी, मग मशीन उचला. टाकी भरलेली असताना मशीन तिरकं झालं की पाणी टाकीतून आतल्या भागात जातं.

मालकाने मध्येच कोळशाची शेगडी खोलीत ठेवायला सुचवलं, तीही "मोफत". मी हात जोडले. बंद खोलीत शेगडी कोणालाच नको, आणि सीपॅपचा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही. खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचला तर मशीन तोच इमानेइतबारे नाकात घालत राहील. रात्री दोन रजया जास्त मागा, त्या मिळतात.

निघताना बिलात पाचही रात्रींचा हीटर लावलेला निघाला. पाऊण तास वाद घातल्यावर तो काढून टाकला. तेव्हा हीटरबद्दल जे काही विचारायचं ते बुकिंग करतानाच लेखी विचारा, "रात्री किती ते किती वाजेपर्यंत" या शब्दांत. "खोली गरम असते का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात.

सकाळचं काम एकच. मास्क काढल्यावर मशीन थोडा वेळ नळीसकट तसंच चालू ठेवा, आतली ओल उडते. काही मशीनं मास्क काढला की आपोआप थांबतात, तिथे नळी सुटी करून दोन्ही टोकं खाली राहतील अशी टांगा. न्हाणीघरात टांगू नका. मी टांगली होती, पाठोपाठ चौघींच्या कढत पाण्याच्या अंघोळी झाल्या, आणि संध्याकाळी नळी सकाळपेक्षा ओली.