कांदे गेले, कडे पाहिले

युक्लाला किनाऱ्याला लागलो त्या संध्याकाळीच बहिणीने जाहीर केलं, "दादा, उद्या पाण्यात पाय टाकायचा नाही." तसाही इलाज नव्हता. पूर्वेचा वारा सुटला होता, म्हणजे आमच्या थेट तोंडावर, आणि दोन दिवस तो हटणार नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याने आम्ही दोघं पूर्वेकडे वल्हवत निघालो होतो; एस्परन्सहून कयाक, म्हणजे अरुंद वल्हवायच्या होड्या, पाण्यात ढकलल्याला पाचवा आठवडा लागला होता. काखेत मिठाने चट्टे उठलेले, तळहातांची साल निघालेली. माझा जोडीदार न्यूझीलंडचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याने बोटांना पट्ट्या गुंडाळल्या आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झाला. बहीण पर्थहून भाड्याची लँडक्रूझर घेऊन महामार्गाने आमच्या बरोबरीने येत होती. आज पहिल्यांदाच आम्ही तिघं एका गाडीत होतो.

आदल्या दिवशी ४२ किलोमीटर यायला आम्हाला आठ तास लागले होते. एअर महामार्गावर तेवढंच अंतर पंचवीस मिनिटांत सरलं. मी उगाचच चिडलो.

पण आधी जुनं तारघर. युक्लाचा रोडहाऊस वर टेकाडावर आहे आणि मूळ गाव खाली समुद्राकाठी, वाळूत. १८७७ साली ॲडलेड आणि पर्थ यांना जोडणारी तारेची ओळ पुरी झाली, तिच्यावरचं हे ठाणं. तेव्हा ॲडलेडचं दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पर्थचं पश्चिम ऑस्ट्रेलिया या दोन वेगवेगळ्या वसाहती होत्या, म्हणून दोन्हीकडचे तारमास्तर एकाच छपराखाली बसत. इकडच्याने तार उतरवून घ्यायची, कागद हाताने पलीकडच्याला द्यायचा, मग त्याने ती पुढे कडकडवायची. पुढे १८९० च्या दशकात सशांच्या झुंडी आल्या, टेकड्यांवरची झाडोरा-गवत सगळं फस्त झालं आणि मोकळी सुटलेली वाळू गावात शिरली. १९२७ मध्ये तारेची ओळच उत्तरेला रेल्वेच्या कडेने नेली. आता चुनखडीच्या भिंती तेवढ्या उरल्यात, त्याही कंबरभर वाळूत. खिडकीतून आत जायला पाय उचलावाच लागत नाही. वेंगुर्ल्याचा माणूस असल्याने वाळू घरात शिरते म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. वाळूत घर शिरलेलं इथे पाहिलं.

तिथून बारा किलोमीटरवर राज्याची सीमा. पश्चिम ऑस्ट्रेलिया मागे पडलं, दक्षिण ऑस्ट्रेलिया सुरू. रस्त्याकडेला उंट, वॉम्बॅट आणि कांगारू एकाच पाटीवर. एका ठिकाणी डांबरावर विमानतळासारखे पांढरे पट्टे दिसले. फ्लाइंग डॉक्टरचं, म्हणजे दूरच्या भागात विमानाने पोचणाऱ्या वैद्यकीय सेवेचं विमान निकडीच्या वेळी महामार्गावरच उतरवतात. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतो. पहिल्या तासात बहिणीनेही ते उचललं. या पठाराच्या नलारबॉर या नावाचा अर्थच 'एकही झाड नाही', पण युक्लाच्या आसपास मॅलीची बुटकी झाडं भरपूर आहेत. खरं उजाड रान पुढे लागतं, नलारबॉर रोडहाऊसच्या दिशेने. सॉल्टबुशची राखाडी झुडपं आणि त्यांच्यावर आकाश पालथं घातलेलं.

ही सगळी चुनखडी म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. आपण बिन-पाण्याच्या समुद्रातून गाडी हाकतोय हे डोक्यात बसल्यावर मला जरा बरं वाटलं.

बुंडा कड्यांच्या पहिल्या पॉइंटवर उतरलो आणि वाऱ्याने गाडीचा दरवाजा बहिणीच्या हातातून हिसकावला. जमीन चालता चालता संपते. उतार नाही, खडक नाही, सपाट पठार आणि मग एकदम काही नाही. खाली साठ मीटरच्या वर उभा कडा, तळाशी पांढराफटक, वर तपकिरी. काठ आतून पोखरलेला असतो म्हणून कुंपणाच्या अलीकडेच राहा असं पाटीवर लिहिलंय. जोडीदार पोटावर झोपून पाहायला निघाला होता, त्याला बहिणीने शर्टाला धरून मागे ओढलं.

पॉल कॅफिन १९८१-८२ मध्ये ऑस्ट्रेलियाला कयाकने ३६० दिवसांत वळसा घालून आला, फ्रेया हॉफमाइस्टर २००९ मध्ये ३३२ दिवसांत. दोघांनाही या कड्यांखालून जावं लागलं. सुमारे २०० किलोमीटर, उतरायला जवळजवळ जागा नाही. एकदा निघालं की रात्र पाण्यावरच. युक्लाला पोचण्याआधी, वाटेतल्या बॅक्स्टरच्या कड्यांखाली आम्ही अशी एक रात्र काढली होती. तिथे महामार्ग किनाऱ्यापासून फार आत आहे. आमच्या ट्रॅकरचा ठिपका पहाटे दोन तास हलला नाही. उपकरणाचा दोष होता, आम्ही वल्हवतच होतो. पण बहीण त्या ठिपक्याकडे बघत एकटी गाडीत बसली होती. हे तिने मला आज, कड्यावर उभं राहून सांगितलं. त्या रात्रीबद्दल मी सगळ्यांना लाटांच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

वरून पाहिल्यावर खालचं गणित उलगडलं. येणारी लाट कड्यावर आपटून तशीच मागे फिरते आणि पुढच्या लाटेवर चढते. दोन्ही मिळून पाणी जागच्या जागी कढईसारखं उकळतं. हा पट्टा कुठे संपतो तेही रंगावरून स्पष्ट दिसत होतं. जोडीदाराने बोटांनी अंदाज घेतला, "दोन किलोमीटर बाहेरून." बॅक्स्टरला आम्ही पाऊण किलोमीटरवरून गेलो होतो आणि रात्रभर एकमेकांना शिव्या घातल्या होत्या.

इथे महामार्ग कड्याला अगदी खेटून जातो. बहिणीच्या डोक्यात आलं की रात्री प्रत्येक पॉइंटवर ती येऊन दिवे दाखवेल. आम्ही पॉइंटमागून पॉइंट जीपीएसमध्ये टाकत गेलो. गाडीचे दिवे कुंपणाअलीकडून खालपर्यंत पोचणार नाहीत, पण दोन किलोमीटर बाहेरून हातातला मोठा टॉर्च दिसावा.

परतताना सीमेवरच्या तपासणी नाक्याचं आमच्या पार डोक्यातून गेलं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं, भाज्या, मध काही आणता येत नाही. आमचे चार किलो कांदे, लिंबं आणि मधाची बाटली सकाळी त्याच राज्यातून बाहेर पडली होती, पण ते ऐकून कोण घेणार? आणि का घ्यावं? नियम बरोबर होता, मूर्ख आम्ही. तपासनीस बाई हसून म्हणाल्या की फळं इथेच खाल्लीत तरी चालेल. चार किलो कांदे कसे खाणार? जोडीदाराने मात्र एक लिंबू सालीसकट खाल्लं.

संध्याकाळी सातला आईला फोन लावला. युक्लाचं घड्याळ स्वतंत्र आहे, पर्थच्या पाऊण तास पुढे, त्यामुळे वेंगुर्ल्यात तेव्हा पावणेचार. कड्यांचं, तारघराचं सगळं सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "कांदे दिलंस? खुळो काय रे तू?"

रात्री बिनकांद्याची खिचडी खाताना बहीण वही घेऊन बसली. कोणत्या पॉइंटवर तिने किती वाजता उभं राहायचं? पर्थचं घड्याळ, युक्लाचं, की सीमेपलीकडचं, जे उन्हाळी वेळेमुळे युक्लाच्याही पावणेदोन तास पुढे? अर्धा तास वाद झाला. शेवटी तिने तिन्ही खोडली आणि समासात नवा रकाना आखला: 'निघाल्यापासून तास'. पहिल्या पॉइंटसमोर पाच लिहिलं, जरा थांबली आणि त्याचं साडेचार केलं.

"मी आधीच येऊन उभी राहीन," ती म्हणाली.