ज्येष्ठमध, अण्णा आणि किडनीतलं एक एन्झाईम

गड्ड्याच्या यात्रेत धूळ खाऊन आमच्या अण्णांचा घसा बसला, मग काय, ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या आणि महिनाभर दिवसरात्र चघळणं सुरू. घसा सुटला पण पायावर सूज, बीपी एकदम वर, आणि रक्तात पोटॅशियम कमी. मी म्हटलं शेंगाचटणीतलं मीठ नडलं असेल, पण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ज्येष्ठमध खाताय का?

घरी येऊन वाचत बसलो तर भारीच प्रकार निघाला. आपल्या किडनीत ११-बीटा-एचएसडी-२ नावाचं एन्झाईम असतं (नाव बघून पळू नका). मीठ धरून ठेवायचा हुकूम देणारं हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन, पण ते पेशीतल्या ज्या रिसेप्टरवर (म्हणजे हार्मोनच्या खुर्चीवर) बसतं तिथं कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोनपण तितकंच घट्ट बसू शकतं, आणि कॉर्टिसॉल तर रक्तात शेकडो पट जास्त! म्हणून हे एन्झाईम दारावरच कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, ते त्या रिसेप्टरला चिकटत नाही. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन पोटात गेल्यावर त्याचं जे ॲसिड बनतं ते या वॉचमनलाच झोपवतं, मग कॉर्टिसॉल आत घुसून अल्डोस्टेरॉनची खुर्ची पटकावतं, मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीतून जातं.

काहींच्यात हे एन्झाईम जन्मापासूनच बिघडलेलं असतं, त्यांना लहानपणीच जबर बीपी.

काड्या बंद केल्या, काही आठवड्यांत अण्णांचं बीपी खाली आलं. एखाददुसरी काडी कधीतरी चघळली तर मला काही वाटत नाही, पण रोज मूठभर, तेही आधीच बीपीची गोळी चालू असताना? अण्णा मात्र अजून म्हणतात, "औषधी आहे रे ते."